पहिल्या वर्षाचे कलन आणि त्याचे गुण

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात ढाणकी येथे पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)





संमेलनाच्या व्यासपीठावरून तालीमचे महत्त्व सांगण्याचा आपल्याकडे रिवाज आहे. तो विषय थोर आहे यात शंका नाही. परंतु तो आपण दरवर्षी ऐकतो, माना डोलावतो आणि बिर्याणीकडे वळतो. म्हणून मी आज मुद्दाम एक लहान विषय घेतला आहे. आपली मुले बारावी विज्ञान पास होतात आणि उमरखेड, पुसद, यवतमाळ किंवा नांदेडला बी.एस्सी.ला अथवा इंजिनिअरिंगला जातात. तेथे पहिल्याच वर्षी त्यांच्या वाट्याला गणितातील कलन, म्हणजे कॅल्क्युलस, हा विषय येतो. त्या पेपरात मुलांकडून नेमकी काय अपेक्षा असते आणि गुण कशाचे मिळतात, एवढेच मी बोलणार आहे. आमचे एक सहकारी म्हणाले, "सर, हे ऐकणार कोण?" मी म्हटले, ज्यांच्या घरचा मुलगा पहिल्या वर्षी गणितात राहिला आणि का राहिला ते कोणालाच सांगता आले नाही, ते ऐकतील.

मी स्वतः तसा राहिलेला आहे. बारावीला मला गणितात शंभरपैकी ८१ गुण होते. मोहल्ल्यात पेढे वाटले गेले. बी.एस्सी.ला प्रवेश घेतला आणि पहिल्या चाचणीत मला वीसपैकी तीन मिळाले. एक प्रश्न मला अजून पाठ आहे. एखादी संख्या २ च्या जवळ जवळ जात असेल, तर तिची तिप्पट करून त्यात एक मिळवल्यावर येणारी संख्या ७ च्या जवळ जाते, म्हणजे तिची सीमा ७ आहे, हे व्याख्येवरून सिद्ध करा. मी २ ठेवले, तीन दुणे सहा, अधिक एक सात, खाली रेघ मारली आणि चौकटीत ७ लिहिले. त्याला शून्य गुण! उत्तरपत्रिकेवर एक लाल फुली होती, बाकी एक अक्षर नव्हते. तपासणाऱ्यांची चूक झाली असे मी घरी सांगितले, आणि अल्लाह माफ करो, मला ते मनापासून खरे वाटत होते. वर्षाअखेर मी त्या विषयात राहिलो. मग शाखा बदलून बी.ए. केले, गणित मात्र हट्टाने विषय म्हणून ठेवले, आणि पुढे बी.एड. झालो. ते कॉलेज कोणते होते हे सांगण्याचे कारण नाही. तसली लाल फुली बहुतेक ठिकाणी मारली जाते.

आता त्या शून्याचा अर्थ सांगतो, कारण तो कळायला मला फार वर्षे लागली. प्रश्नात उत्तर विचारलेलेच नव्हते. उत्तर तर प्रश्नातच छापले होते. विचारले होते ते असे. समोरचा माणूस म्हणतो, "तुझी संख्या ७ पासून एक शतांशाच्या आतच राहिली पाहिजे. मग मूळ संख्या २ पासून किती हलू देशील?" मी सांगायचे, "एक शतांशाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत." तो म्हणतो, "एक सहस्रांश हवा." मी म्हणायचे, "मग सहस्रांशाचा तिसरा हिस्सा." त्याने कितीही बारीक माप मागावे, माझ्याकडे त्याला पुरे पडणारे माप तयार असले पाहिजे. त्याच्या मापाला एप्सिलॉन म्हणतात, माझ्या मापाला डेल्टा. एवढेच त्या भीतिदायक व्याख्येत आहे. सुपारी कातरून देणाऱ्या दुकानदाराशीही आपण याच रीतीने घासाघीस करतो.

परंतु यात विद्यार्थ्याला कमी लेखू नये. लायब्निट्झने कलनावरचा आपला पहिला लेख १६८४ साली छापला. न्यूटनचे काम त्याच्याही आधी सुरू झाले होते. सीमेची कल्पना कोशीने आपल्या पुस्तकात नीट बांधायला घेतली ती १८२१ साली, आणि आजच्या काटेकोर स्वरूपात ती आणली वायरस्ट्रास या जर्मन गणितज्ञाने, तीही त्यानंतर. मधल्या काळात थोरथोर विद्वान कलन वापरून ग्रहांच्या कक्षा काढत होते आणि पाया कोठे आहे यावर वाद घालत होते. जे जगाला दीडशे वर्षांत सुधरले नाही ते बारावी पास झालेल्या पोरापुढे पहिल्या महिन्यात ठेवले जाते. ठेवावे, माझी ना नाही. पण ते नवे आहे आणि कठीण आहे एवढे तरी त्याला सांगावे. या वायरस्ट्रासची एक गोष्ट मला फार धीर देते. तो विद्यापीठातून पदवी न घेता बाहेर पडला आणि पुढे सुमारे चौदा वर्षे माध्यमिक शाळेत मास्तर होता. तेथे गणिताबरोबर मुलांची कवायतही तो घेत असे.

बारावीपर्यंतची अपेक्षा वेगळी असते. आपल्या बोर्डात गणिताला लेखी ८० आणि शाळेच्या हातचे २० गुण असतात. ३५ ला पास. लेखी पेपरात प्रत्येक टप्प्याला गुण असतात, आणि कोणत्या टप्प्याला किती ते शिकवणीवाल्यांना मुखोद्गत असते. मुलगा दोनशे उदाहरणे करतो, पेपरात त्यांतलीच चाळीस बदललेल्या आकड्यांनी येतात. मी हे तुच्छतेने म्हणत नाही, हातवळण लागतेच. मीही वर्गात तेच घोटून घेतो. पण त्या मुलाच्या मनात एक करार पक्का होतो: रीत पाठ करा, रीत लिहा, गुण घ्या. कॉलेजात गेल्यावर हा करार एकतर्फी मोडला जातो आणि त्याची नोटीस कोणी देत नाही. आता रीत का चालते ते विचारले जाते, प्रमेयातली एखादी अट काढून टाकली तर काय बिघडते ते विचारले जाते. अवकलनाची सूत्रे त्याला येतात. अवकलन म्हणजे काय हे सांगता येत नाही.

येथे बसलेल्या भगिनींना ते सांगता येईल, असा माझा दावा आहे. नळाची धार सारखी असते. खाली घागर ठेवली की पाणी आधी भराभर वर येते, पोटाशी आल्यावर सावकाश चढते आणि गळ्याशी आले की एकदम वर धावते. तेवढ्यात हात पुढे केला नाही तर सांडलेच. मिनिटाला पडणारे पाणी तेवढेच, पण पातळी चढण्याचा वेग क्षणाक्षणाला निराळा, कारण घागरीची रुंदी प्रत्येक उंचीला निराळी. त्या त्या क्षणीचा तो वेग म्हणजे अवकलन. धारेच्या मापाला त्या उंचीच्या आडव्या क्षेत्रफळाने भागा, वेग हातात येतो. आमची दहावीची मुले हे दहा मिनिटांत समजतात. सूत्र पाच पाने पुढे येऊ द्यावे.

आपल्या मुलांना आणखी एक अडचण आहे, ती भाषेची. उर्दू शाळेतून आलेल्या मुलाने सीमेला "हद" म्हटलेले असते, शेजारचा मराठी शाळेतला "सीमा" म्हणतो आणि कॉलेजात दोघांनाही "लिमिट" म्हणावे लागते. तीन शब्द येतात आणि अर्थ एकाही भाषेत मनात उतरलेला नसतो. हे ज्ञान आपल्या भाषांतून सांगताच येत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. बाळशास्त्री जांभेकरांनी मराठीत शून्यलब्धिगणित लिहिले, ते याच विषयावर. आणि ते १८४६ सालीच वारले. आपल्या पैनगंगेच्या पलीकडे निजामाचे राज्य होते, त्या राज्यात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि तेथे वरच्या वर्गांचे गणितसुद्धा उर्दूतून शिकवले जात असे.

त्याहून मागचे एक नाव घेतो, मास्टर रामचंद्र. दिल्ली कॉलेजात उर्दूतून विज्ञान आणि गणित शिकवणारे हे शिक्षक. त्यांनी १८५० साली कलकत्त्यास स्वखर्चाने एक इंग्रजी पुस्तक छापले. मोठ्यात मोठे आणि लहानात लहान मान काढण्याचे जे प्रश्न कलनाने सोडवतात, ते त्यांनी त्यात नुसत्या बीजगणिताने सोडवून दाखवले. इंग्लंडातील डी मॉर्गन या गणितज्ञाने ते पाहिले आणि १८५९ साली लंडनहून पुन्हा छापवून घेतले. आपल्या मुलांच्या हाडात बीजगणित आहे, तेव्हा तेथूनच चढावे, ही त्यामागची दृष्टी. उदाहरण देतो. तुमच्याकडे ४० मीटर तार आहे, तिने शेळ्यांसाठी आयताकृती वाडा घालायचा आहे. जास्तीत जास्त जागा कशी मिळेल? एक बाजू क्ष धरली तर दुसरी २० वजा क्ष. गुणाकार करून पूर्ण वर्ग केला की क्षेत्रफळ येते १०० वजा (क्ष वजा १०) चा वर्ग. वर्ग कधी ऋण होत नाही, म्हणून १०० च्या पुढे जाता येणार नाही, आणि १०० मिळतात ते बाजू १० असताना, म्हणजे वाडा चौरस असताना. यात कलन कोठेही नाही, तरी कलनाचा सगळा हेतू आहे. हे केलेला मुलगा पहिल्या वर्षी तोच प्रश्न अवकलनाने करील तेव्हा त्याला दोन उत्तरे ताडून पाहता येतील.

आता गुणांकडे येतो. पूर्वी टक्के होते, आता श्रेणी आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दहा गुणांच्या पद्धतीत "ओ"ला १०, "ए प्लस"ला ९, "ए"ला ८ असे उतरत उतरत "सी"ला ५, पास असलेल्या "पी"ला ४ आणि नापासाला शून्य. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० आल्यापासून सगळे क्रेडिटवर मोजले जाते. तासिकांच्या विषयात एक क्रेडिट म्हणजे १५ तास. दोन क्रेडिटचा पेपर असेल तर तीस तास, आणि त्यात सीमेपासून प्रमेयांपर्यंत सारे उरकायचे. हे सगळे व्यवस्थित आहे, पण "सी" या अक्षरातून मुलाला काय कळते? एकाला व्याख्या पक्क्या येतात पण आकडेमोडीत चुकतो, त्यालाही सी. दुसरा सराईतपणे उदाहरणे सोडवतो पण सिद्धता म्हटली की कोरे पान, त्यालाही सी. दोघांचा आजार वेगळा आहे.

बी.एड.ला आम्हाला मूल्यमापन हा भाग असतो. नववीच्या २० गुणांच्या चाचणीसाठीसुद्धा आम्ही संविधान तक्ता करतो: ज्ञानाला किती, आकलनाला किती, उपयोजनाला किती, कौशल्याला किती. त्या कामाचा आम्ही कंटाळा करतो हे कबूल. पण एका रात्री असा तक्ता भरताना मला माझे ते शून्य आठवले आणि उलगडा झाला. मी ज्ञानाचे उत्तर दिले होते, प्रश्न आकलनाचा होता. हा तक्ता त्या वेळी कोणी फळ्यावर लिहिला असता तर काय बिघडले असते? अमेरिकेतील विद्यापीठांत पहिल्याच दिवशी मुलांना एक कागद देतात: कोणत्या आठवड्यात काय शिकवणार, गृहपाठाला गुणांत हिस्सा किती, चाचण्या किती, अखेरच्या परीक्षेला किती. तो कागद मागण्याची आपल्या मुलांनी सवय करावी. उद्धटपणा न करता, अदबीने, पण मागावा.

अंतर्गत गुणांबद्दल एक कटू बोलतो. वर्गातील सगळ्यांना वीसपैकी अठरा देऊन टाकणे ही दया समजली जाते. मीही शाळेत ती केलेली आहे, तेव्हा दोष कोणा दुसऱ्याच्या माथी मारत नाही. पण त्या अठरांमुळे मुलाला मार्चपर्यंत पत्ता लागत नाही की आपण कोठे आहोत.

आपण कोठे आहोत हे कळणे किती मोलाचे आहे याचा एक खरा दाखला सांगतो. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथे १९७० च्या दशकात उरी ट्राइसमन नावाचा एक तरुण संशोधक होता. तेथे पहिल्या सत्राच्या कलनात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी निम्म्याहून अधिक मुले डी किंवा एफ श्रेणीत जात. त्याने प्राध्यापकांना कारणे विचारली. उत्तरे आली: मुलांना ईर्षा नाही, शाळेतली तयारी कच्ची, घरी वातावरण नाही, गरिबी आहे. मित्रहो, ही चार उत्तरे आपल्या ओळखीची आहेत ना? आपल्या समाजाबद्दल ती आपण इतरांकडून ऐकतो, आणि बैठकीत बसून आपणही म्हणतो. ट्राइसमनने ती मान्य केली नाहीत आणि अमान्यही केली नाहीत. तो पाहायला गेला. वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाचे विद्यार्थी निवडले, कारण चिनी मुले त्या विषयात उत्तम चालत, आणि ती अभ्यास कसा करतात हे महिनोन्महिने त्यांच्या खोल्यांवर जाऊन पाहिले. कृष्णवर्णीय मुलांना ईर्षा होती, घरच्यांचा पाठिंबा होता, कित्येक जण आपापल्या शाळेचा अभिमान होते. आठवड्याला सुमारे आठ तास, सांगितल्याबरहुकूम, ती अभ्यास करीत. पण एकटी. वीसपैकी अठरा जण वर्गातल्या कोणाही सोबत्याबरोबर अभ्यासाला बसत नसत. चिनी मुले सुमारे चौदा तास देत. आधी एकेकटी उदाहरणे करीत, मग रात्री एकत्र जमून एकमेकांच्या वह्या तपासत, जुने पेपर घालत, कोणाचा मोठा भाऊ येऊन प्रश्न विचारी. एक प्रश्न चौघांनाही सुटला नाही तर तो प्रश्नच अवघड आहे हे त्यांना कळे; एकट्या मुलाला वाटे की आपणच ढ आहोत. वर्गात आपण कितव्या पायरीवर आहोत हे चिनी मुलांना परीक्षेआधीच ठाऊक असे. दुसऱ्या मुलांना ते श्रेणी हातात पडल्यावर कळे, आणि तेव्हाही कोडेच पडे. माझ्या फुलीसारखे.

मग त्याने जादा तास काढले नाहीत, "कच्च्यांचा वर्ग"ही काढला नाही. त्याने त्या मुलांना हुशारांचा गट म्हणून बोलावले आणि नेहमीपेक्षा अवघड प्रश्न देऊन एकत्र बसवले. गटात बसणाऱ्यांत नापास होण्याचे प्रमाण एकदम खाली आले.

हे ऐकायला बर्कलेला जावे लागते याची मला थोडी शरम वाटते. आपल्या मदरशांत संध्याकाळी तालिबे-इल्म गोल करून बसतात, त्यांतला एक जण उस्तादांनी सकाळी दिलेला सबक जसाच्या तसा बाकीच्यांना पुन्हा समजावतो, कोठे अडला तर दुसरा धरतो. याला तकरार म्हणतात. दोन हाफिज समोरासमोर बसून एकमेकांचे पठण ऐकतात, त्याला दौर म्हणतात. ही परंपरा आपल्या घरची आहे. फक्त आपली मुले कॉलेजात गेली की तकरार बंद होते आणि उरते ती मराठीतली तक्रार: सर शिकवत नाहीत, पेपर अवघड होता, तपासणी कडक झाली.

कोणी म्हणेल, दुसऱ्याला सांगितले तर तो पुढे जाईल. आपल्याकडे साधारणपणे श्रेणी ठरलेल्या टक्क्यांवर मिळते, वर्गातल्या क्रमावर नाही. सोबत्याला "ए" मिळाली म्हणून तुमची "ए" खाली येत नाही. एकत्र बसण्यात खरी अडचण आहे ती मुलींची. तास सुटला की एस.टी. गाठायची असते, एक गाडी चुकली की घरचे फोन सुरू होतात, आणि दुसऱ्या वेळी चुकली की कॉलेजच बंद होते. मुलांना खोलीवर दहा जण मिळतात. मुलगी घरी येते, भाकरी टाकते आणि रात्री एकटी त्या पुस्तकापुढे बसते. पालकांना मी एवढेच विचारतो की तिच्याच वर्गातली दुसरी मुलगी आठवड्यातून एकदा आपल्या घरी बसली तर चालेल का?

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी आपल्या शाळेची एक खोली मागून घेतली. कॉलेजातली चार मुले आणि तीन मुली आल्या. मी त्यांना शिकवू शकत नव्हतो, माझी पदवी त्या तोडीची नाही, मी फक्त फळा पुसत होतो आणि "का?" विचारत होतो. तिसऱ्या दिवशी मला राहवले नाही. मी तो जुना प्रश्न फळ्यावर लिहिला आणि स्वतः सोडवला, यावेळी एप्सिलॉन-डेल्टासकट. मागच्या बाकावरची एक मुलगी, जी आठवीपासून माझ्याच वर्गात शिकली, उठली आणि म्हणाली, "सर, पाचपैकी तीन." मी विचारले, दोन कशाचे गेले? ती म्हणाली, "डेल्टा शोधलात ते बरोबर. पण तुम्ही ७ कडून सुरुवात करून २ पर्यंत आलात आणि थांबलात. ते शोधकाम झाले. सिद्धतेत डेल्टा आधी मांडायचा आणि तेथून ७ पर्यंत जायचे. परतीचा रस्ता तुम्ही लिहिलाच नाही." मी खडू तिच्या हाती दिला. तिने चार ओळींत परतीचा रस्ता लिहिला. त्या प्रश्नातले माझे गुण कशाचे गेले हे मला पहिल्यांदाच कोणीतरी सांगितले होते.

ती खोली आता दर रविवारी सकाळी दहाला उघडी असते. किल्ली माझ्याकडे आहे. सतरंज्या दोन आहेत, आणखी दोन हव्या आहेत, आणि फळा फार जुना झाला आहे. अध्यक्ष साहेबांनी ऐकले असेलच.